विश्लेषण : ताटातले रक्तात कसे उमटते? घाटाखालचे जेवण आणि तपासणी अहवालातील आकडे

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारख्या गावातही आता रक्ततपासणीचा अहवाल मोबाइलवर येतो. सकाळी उपाशीपोटी नमुना द्यायचा आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ हजर. त्यात वीस-तीस आकडे असतात. काही ठळक अक्षरांत, काहींपुढे ‘एच’ किंवा ‘एल’ अशी खूण. ‘एच’ म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आणि ‘एल’ म्हणजे कमी, एवढे समजते. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी भात बंद करायला सांगते, कोणी तेल, कोणी मेथीचे पाणी सुचवते. पण कोणता आकडा कोणत्या खाण्यामुळे आणि किती दिवसांत बदलतो, हे अहवालात लिहिलेले नसते. बुलढाणा जिल्ह्यासाठी हा प्रश्न केवळ वैद्यकीय कुतूहलाचा राहिलेला नाही. खाल्लेले धान्य रक्तात कसे उतरते, हे या जिल्ह्याने अगदी जवळून पाहिले आहे.

शेगाव तालुक्यात काय घडले होते?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून विचित्र तक्रारी येऊ लागल्या. आधी डोक्याला खाज, मग केस नुसते ओढले तरी हातात येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत, स्त्री-पुरुष दोघांनाही. अठरा गावांत २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. सुरुवातीला संशय पाण्यावर गेला, बुरशीवर गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पथकाने गावांत येऊन रक्त, लघवी, केस, पाणी आणि धान्याचे नमुने घेतले.

विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही या गावांत जाऊन अभ्यास केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण बेसुमार आहे. त्यांनी तपासून घेतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. बाधितांच्या रक्तातील सेलेनियम नेहमीपेक्षा सुमारे ३५ पट, लघवीतील ६० पट आणि केसांतील १५० पट असल्याचे त्यांनी सांगितले. त्याच वेळी जस्ताचे प्रमाण मात्र बरेच कमी होते.

सेलेनियम हे विष नाही. थायरॉइड ग्रंथीच्या कामासाठी आणि पेशींच्या संरक्षणासाठी शरीराला ते लागते, पण अगदी किंचित. प्रौढांसाठी दिवसाची सुरक्षित कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम मानली जाते. किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम असलेला १०० ग्रॅम गहू पोटात गेला, तर सुमारे १,४५० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाते. म्हणजे मर्यादेच्या साडेतीन पटीहून जास्त, तेही तीन-चार पोळ्यांतून.

ही घटना अपवादात्मक होती. पण तिच्यातून दोन गोष्टी दिसल्या. ताटातला बदल डोळ्यांना दिसण्याआधी रक्तात उतरलेला असतो. आणि रोजचे बहुतेक जेवण एकाच धान्यावर, एकाच ठिकाणाहून आलेल्या पोत्यावर उभे असेल, तर त्या धान्यातला दोष किंवा उणीव थेट शरीरात येते. सेलेनियमचा परिणाम काही दिवसांत दिसला. साखर, चरबी, लोह आणि बी १२ यांचे परिणाम दिसायला महिने किंवा वर्षे लागतात.

कोणता आकडा किती दिवसांचे खाणे सांगतो?

अहवालातील सगळे आकडे एकाच काळाबद्दल बोलत नाहीत. प्रत्येकाची घडी वेगळी असते.

• जेवणानंतरची साखर : एक-दोन तासांपूर्वीचे जेवण.

• उपाशीपोटीची साखर : रात्रभरात यकृताने रक्तात सोडलेली साखर आणि ती आवरण्याची इन्सुलिनची क्षमता.

• ट्रायग्लिसराइड : गेल्या काही दिवसांचे ते आठवड्यांचे खाणे, विशेषतः साखर, मैदा आणि दारू.

• एलडीएल कोलेस्टेरॉल : आहार बदलल्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत फरक दिसतो.

• एचबीए१सी : गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर.

• हिमोग्लोबिन : लोह मिळू लागल्यावर काही आठवड्यांत वाढू लागते, पण शरीरातील लोहाचा साठा भरायला आणखी काही महिने जातात.

• बी १२ जीवनसत्त्व : यकृतातील साठा मोठा असतो. त्यामुळे आहारातील उणीव रक्तात दिसायला कित्येक वर्षे लागू शकतात.

तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत चहातील साखर बंद करणारे अनेक जण असतात. त्यामुळे ट्रायग्लिसराइड किंवा त्या दिवशीची साखर थोडी खाली येईलही. एचबीए१सी मात्र फसत नाही. रक्तातील साखर लाल पेशींमधील हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी जिवंत असेपर्यंत चिकटूनच राहते. लाल पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवस. त्यामुळे हा आकडा म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची वही असते. एचबीए१सी ५.७ टक्क्यांहून कमी असेल तर सामान्य, ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह, असे धरले जाते. उपाशीपोटीच्या साखरेसाठी हेच टप्पे १०० पेक्षा कमी, १०० ते १२५ आणि १२६ किंवा जास्त (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असे आहेत.

भाकरी खाऊनही साखर का वाढते?

‘आम्ही पिझ्झा-बर्गर खात नाही, भाकरी खातो, मग शुगर कशी?’ हा प्रश्न ग्रामीण भागात हमखास विचारला जातो. आयसीएमआर आणि चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने देशभर केलेल्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणात त्याचे उत्तर सापडते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार देशात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि १५.३ टक्के प्रौढांना मधुमेहपूर्व अवस्था आहे. मधुमेहाचे प्रमाण शहरांत जास्त आहे. पण मधुमेहपूर्व अवस्थेत शहर आणि खेडे यांत जवळपास काहीच फरक नाही. म्हणजे पुढच्या काही वर्षांत मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक गावातही तितकेच आहेत.

याच सर्वेक्षणातील आहाराची आकडेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. प्रथिनांचा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास आहे. ज्वारी-बाजरीसारखी भरड धान्ये मुख्य अन्न म्हणून टिकून असलेली राज्ये तीनच आढळली : कर्नाटक, गुजरात आणि महाराष्ट्र. इथपर्यंत आपल्यासाठी आनंदाची बातमी आहे. पुढचा निष्कर्ष मात्र विचार करायला लावणारा आहे. पांढरा तांदूळ किंवा मैदा यांच्या जागी नुसते गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाची जोखीम कमी झालेली दिसली नाही. एकूण कर्बोदके तेवढीच राहिली, तर धान्य बदलून फारसे काही हाती लागत नाही. याउलट उष्मांकांपैकी पाच टक्के वाटा कर्बोदकांऐवजी डाळी-कडधान्ये किंवा दूध-दही यांच्या प्रथिनांतून आला, तर मधुमेह आणि मधुमेहपूर्व अवस्था या दोन्हींची जोखीम कमी असल्याचे दिसले.

हा अभ्यास एका वेळच्या पाहणीचा आहे. त्यामुळे तो संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. पण शरीराचे गणित त्याच दिशेने जाते. ज्वारीच्या भाकरीत गव्हाच्या मैद्यापेक्षा तंतुमय पदार्थ जास्त असतात, ती सावकाश पचते. तरीही तिचे मुख्य घटक स्टार्चच आहेत. तीन भाकरी, वाटीभर पातळ रस्सा आणि ठेचा, असे ताट असेल तर रक्ताच्या दृष्टीने ते जवळजवळ सगळे कर्बोदकांचे ताट आहे. त्याच ताटात दोन भाकरी, घट्ट वरण किंवा मुगाची उसळ, पालेभाजी आणि वाटीभर दही आले, तर जेवणानंतरची साखर हळू चढते आणि कमी चढते.

या बाबतीत घाटाखालच्या भागाजवळ स्वतःचे जुने उत्तर आहे. धामणगाव बढेला खान्देश लागून आहे आणि खान्देशातली कळण्याची भाकरी या पट्ट्यातही ओळखीची आहे. ज्वारीत अख्खे उडीद मिसळून दळलेले ते पीठ. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, तर उडदात त्याच्या दुपटीहून जास्त. भाकरी तीच, थापायची पद्धत तीच, पण तिच्यातला कर्बोदकांचा वाटा आपोआप कमी झालेला असतो.

सडपातळ माणसाने निर्धास्त राहावे का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र वैद्यकीय जगात गाजलेले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. उंची आणि वजनाच्या हिशेबात दोघे अगदी सारखे. दोघांचाही शरीरभार निर्देशांक (बीएमआय) २२.३. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. बाहेरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्या एका छायाचित्राने दाखवले.

त्यामुळे शेतात राबणारा, पॅन्ट सैल होणारा माणूसही ‘मला कशाची शुगर’ म्हणून तपासणी टाळत असेल, तर तो अंदाज चुकू शकतो. विशेषतः पोटाचा घेर वाढलेला असेल आणि हातपाय बारीक असतील, तर वजनकाट्यापेक्षा रक्ताचा अहवाल जास्त खरे सांगतो.

तेल बंद केले, तरी ट्रायग्लिसराइड का वाढलेले?

इंडियाब सर्वेक्षणात ८१ टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तातील चरबीचा किमान एक घटक बिघडलेला आढळला. आपल्याकडे नेहमी दिसणारी जोडी म्हणजे वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि कमी झालेले एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावे. एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी नसावे.

चरबी वाढली म्हणून लोक तेल तोडतात. पण ट्रायग्लिसराइडचा कारखाना यकृतात आहे आणि त्याचा कच्चा माल बहुतेकदा साखर आणि स्टार्च असतो. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेचे यकृत चरबीत रूपांतर करते आणि रक्तात सोडते. दारूही तेच करते. दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा घेणाऱ्याचा हिशेब पाहा. कपात दोन चमचे साखर म्हणजे साधारण ८ ते १० ग्रॅम. चार कपांत ३२ ते ४० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (एनआयएन) २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला २० ते २५ ग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. म्हणजे बिस्कीट, जिलेबी, थंड पेय यांचा विषय निघण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असते.

उपवासाचेही तसेच. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्यात बटाटा, वर राजगिऱ्याचा गोड लाडू आणि दोन कप चहा घेतला, तर रक्तासाठी तो उपवास राहत नाही. भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक आणि एखादे फळ हा त्यातल्या त्यात बरा पर्याय.

एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, यावर मात्र तेलाच्या प्रकाराचा परिणाम होतो. वनस्पती तूप, वारंवार तापवलेले तळणीचे तेल आणि त्यांत बनलेले फरसाण यांतील ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल आणि स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. पण हॉटेलच्या कढईत तेच तेल दिवसभर उकळत राहिले, तर कायद्याचा फायदा तिथेच संपतो. शेगावला गेल्यावर कचोरी खाऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. ती रोजचा नाश्ता झाली, तर अहवालात दिसेल.

एलडीएल कमी करण्यात डाळींचा आणि तंतुमय पदार्थांचा वाटा मोठा आहे. कॅनडातील टोरांटो येथे डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४६ जणांवर महिनाभराचा प्रयोग केला. सोयाबीन, बदाम, चिकट तंतू असलेली धान्ये व भाज्या आणि वनस्पतींतील स्टेरॉल, असा एकत्रित आहार घेणाऱ्यांचे एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी घटले. त्याच प्रयोगात स्टॅटिनची गोळी घेणाऱ्यांचे सुमारे ३१ टक्क्यांनी घटले होते. महत्त्वाचे हे, की त्यात कुठलाही एक पदार्थ जादूचा नव्हता. चारही गोष्टी रोज एकत्र ताटात होत्या. आपल्याकडे बदाम परवडत नसतील, तर शेंगदाणे, तीळ आणि जवसाची चटणी त्याच वाटेवरच्या गोष्टी आहेत.

हिमोग्लोबिन भाजी खाऊनही का वाढत नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के आहे. स्त्रियांत हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी, गरोदरपणात ११ पेक्षा कमी आणि पुरुषांत १३ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय धरतात.

भाज्या, डाळी, बाजरी यांत लोह असते. पण वनस्पतींतील लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. जेवणावर लगेच चहा घेतला, तर त्यातील टॅनिनमुळे तो आणखी कमी होतो. उलट जेवणात लिंबू, आवळा, कच्चा कांदा-टोमॅटो किंवा पेरू असा क जीवनसत्त्वाचा पदार्थ असेल, तर शोषण वाढते. म्हणजे त्याच वरण-भाकरीवर लिंबू पिळणे आणि चहा तासाभराने घेणे, एवढ्या बदलानेही फरक पडतो. मटण, कलेजी, मासे यांतील लोह शरीर सहज घेते.

तरीही तीव्र रक्तक्षय फक्त जेवणाने भरून निघत नाही. गोळ्या लागतात. पोटातील जंत, पाळीतील जास्त रक्तस्राव, बी १२ किंवा फॉलिक अ‍ॅसिडची उणीव आणि विदर्भात आढळणारा सिकलसेल ही कारणेही तपासावी लागतात. ‘बीट खा, रक्त वाढेल’ एवढ्यावर थांबलो, तर वेळ वाया जातो.

शाकाहारी घरांनी बी १२ कडे का पाहावे?

बी १२ वनस्पतींत नसते. दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतूनच ते मिळते. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातील खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ निरोगी पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी १२ कमी आढळले. त्याच्या जोडीला होमोसिस्टीन हा घटक ५८ टक्के पुरुषांत वाढलेला होता. होमोसिस्टीन वाढण्याचा संबंध हृदयविकाराच्या जोखमीशी जोडला जातो.

याच गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांपासून अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. ज्या आयांच्या रक्तात फॉलेट भरपूर पण बी १२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. आईच्या ताटातील उणीव मुलाच्या रक्तात वर्षांनंतर सापडू शकते, एवढा लांबचा हा हिशेब आहे.

हातापायांना मुंग्या, जीभ लाल होणे, सतत थकवा ही बी १२ च्या कमतरतेची लक्षणे असू शकतात. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही बी १२ घटू शकते. त्यांनी गोळी बंद न करता डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारावे.

रेशनचे धान्य आणि डाळीची वाटी : हिशेब कुठे चुकतो?

एनआयएनच्या मार्गदर्शिकेनुसार २,००० उष्मांकांच्या ताटात दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा त्याऐवजी अंडी-मांस), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप असावे. धान्यांतून येणारे उष्मांक ४५ टक्क्यांच्या आत असावेत.

आता हे गावातल्या किराण्यात बसवून पाहू. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो गहू-तांदूळ मोफत मिळतो. म्हणजे दिवसाला माणशी सुमारे १६५ ग्रॅम. धान्याच्या गरजेचा दोन-तृतीयांश भाग तिथेच भरला. उपासमार टाळण्यासाठी ही व्यवस्था मोलाची आहे. पण डाळ त्या हक्कात नाही. पाच प्रौढांच्या घराला दिवसाला ८५ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला पावणेतेरा किलो डाळी-कडधान्ये लागतील. तेल मात्र चार किलोच पुरे. किती घरांत डाळीचा आकडा याच्या जवळपास जातो आणि तेलाचा किती पुढे जातो, हे ज्याने-त्याने आपल्या किराण्याच्या यादीवरून ताडून पाहावे.

विसंगती अशी, की हा भाग तूर, हरभरा, मूग, उडीद आणि सोयाबीन पिकवतो. तूर-हरभऱ्यात १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. ते पीक बाजार समितीत जाते आणि त्याच्या पैशातून घरात साखर, पामतेल आणि बिस्किटांचे पुडे येतात. घरच्या तुरीतून वर्षभराची डाळ आधी बाजूला काढून मग उरलेली विकणे, ही जुन्या घरांची रीत होती. रक्ताच्या अहवालाच्या दृष्टीने तीच रीत सर्वांत स्वस्त औषध ठरू शकते.

शेगावच्या घटनेचा धडाही इथे लागू पडतो. गहू, ज्वारी, बाजरी आणि तांदूळ आलटून-पालटून खाल्ले, काही धान्य स्थानिक शेतातले असले, तर एका पोत्यातील दोष संपूर्ण आहाराचा दोष होत नाही.

मग ताटात नेमके काय बदलावे?

सगळे एकदम बदलायला गेले, की आठवड्यात सोडून दिले जाते. पुढील बदल एकेक करून जमतात.

• एक भाकरी किंवा पोळी कमी, त्या जागी एक वाटी घट्ट वरण, पिठले किंवा उसळ जास्त.

• पीठ न चाळता वापरणे. शक्य असेल तर ज्वारीत उडीद, गव्हात हरभरा मिसळून दळणे.

• जेवणाची सुरुवात भाजी, कोशिंबीर, वरण यांनी आणि भात-भाकरी त्यांच्यासोबत. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते, असे प्रयोगांत दिसले आहे.

• चहा दोनदाच आणि जेवणापासून तासभर दूर. साखर आधी निम्मी करावी.

• मेथी, चुका, अंबाडी, शेपू, तांदुळजा यांपैकी एखादी पालेभाजी रोज.

• रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे. स्नायू चालू असले, की ते रक्तातील साखर ओढून घेतात.

ज्वारीची बिस्किटे, नाचणीचे गोड लाडू, ‘मल्टिग्रेन’ टोस्ट यांच्या वेष्टनावरील नावावर जाऊ नये. मागच्या बाजूला घटकांच्या यादीत साखर, मैदा आणि पामतेल कितव्या क्रमांकावर आहेत, ते पाहावे. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते.

अहवाल वाचताना कोणत्या चुका होतात?

पहिली चूक म्हणजे एका आकड्यावर घाबरणे किंवा निर्धास्त होणे. ताप, संसर्ग, जागरण, आदल्या रात्रीची पंगत यांनी काही आकडे तात्पुरते बदलतात. लक्षणे नसताना मधुमेहाचे निदान एका तपासणीवर केले जात नाही, तपासणी पुन्हा करतात.

दुसरी चूक एचबीए१सीबाबत होते. लोहाच्या कमतरतेत हा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. सिकलसेलसारख्या आजारात तो विश्वासार्ह राहत नाही. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असेल, तर डॉक्टर साखरेची थेट तपासणीही पाहतात.

तिसरी चूक सर्वांत महागात पडते. आहार सुधारला, आकडा खाली आला आणि गोळ्या स्वतःहून बंद केल्या. आकडा आहारामुळे आला की गोळीमुळे, हे अहवाल सांगत नाही. औषध कमी करायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळी-प्रथिने वाढवण्याआधीही विचारून घ्यावे.

पुढची तपासणी कधी करावी?

तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. गावातील आशाताईंकडे त्याची माहिती मिळते. अहवालात एखादा आकडा मर्यादेबाहेर असेल आणि डॉक्टरांनी तातडीने औषध सुरू केलेले नसेल, तर आहारातील बदलाला तीन महिने द्यावेत. चरबीचा फरक त्याआधी दिसेल, पण एचबीए१सीची वही भरायला तेवढा वेळ लागतोच.

तोपर्यंत एक साधे काम करता येते. दर रविवारी, सात दिवसांत किती वेळा डाळ-उसळ, किती वेळा पालेभाजी, किती चहा आणि किती वेळा तळलेले खाल्ले, हे मोबाइलमधील त्याच अहवालाच्या खाली लिहून ठेवावे. तीन महिन्यांनी नवी पीडीएफ येईल, तेव्हा डॉक्टरांपुढे दोन्ही ठेवता येतील. ‘साहेब, आम्ही तर साधंच खातो’ या वाक्यापेक्षा ती नोंद त्यांना बरेच काही सांगेल.